बोटवाली

काशिहेरा बेटावर हॉटेल झालं तेव्हापासून कंबुलोकडे माणसं येऊन उभी राहायला लागली. त्याआधी तिच्या झोपडीकडे कुणी फिरकत नसे. हॉटेलात कामाला जाणारी आमच्या हिरिमादू बेटाची माणसं सुट्टीला घरी आली की विचारायची, "आजी, तिकडे पोहायचा तलाव केलाय ना, तू तिकडे होतीस तेव्हा तिथं काय होतं गं?"

मांडीवर काथ्या वळता वळता, मान वर न करता ती सांगायची, "तिथं आमिनादी आहे."

"आणि पाहुण्यांचं जेवायचं दालन?"

"तिथं दाउद बेबे. जरा डावीकडे. खोल नाही पुरता आला, माझे हात दुखत होते."

माणसं शहारायची, एकमेकांना कोपरानं ढोसायची आणि हसायची. एखादा म्हणायचा, "गोऱ्या पाहुण्यांना सांगू नकोस हं आजी, आमच्या नोकऱ्या जातील."

"मला कोण विचारतंय? तूच विचारलंस म्हणून सांगितलं," ती म्हणायची, आणि सुंभाचा पुढचा वेढा घ्यायची.

हॉटेल व्हायच्या कितीतरी आधी काशिहेरावर महारोग्यांना नेऊन सोडत. कंबुलोला तिथं सोडलं तेव्हा ती ऐन विशीत होती. झकरिया नावाच्या कोळ्याशी तिचं लग्न झालेलं, नफीसा नावाची अंगावर पिणारी लेक, आणि आईबाप गेल्यावर तिच्याकडेच राहायला आलेली धाकटी बहीण सित्ती. झकरिया खतिबाच्या होडीवर कुपा मासा मारायला जायचा. खतीब म्हणजे बेटाचा मुखिया. होडी त्याची, निवाडा त्याचा, आणि कुणाला कामावर घ्यायचं नि कुणाला किनाऱ्यावर बसवायचं हेही तोच ठरवायचा.

एका सकाळी दोघी बहिणी मशिदीमागच्या बायकांच्या विहिरीवर अंघोळ करत होत्या. सित्ती कंबुलोची पाठ चोळत होती. चोळता चोळता थांबली.

"ताई, तुझ्या दंडाला मागे हे पांढरं काय गं?"

एवढंच हळू विचारलं असतं तर चाललं असतं. पण विहिरीवर आणखी चार बायका होत्या आणि सित्तीचा आवाज मुळातच खणखणीत. ती मुद्दाम बोलली की तोंडातून निघून गेलं, हे कंबुलोला कधी कळलं नाही. "तिलाही कळलं नसणार," असं ती अजून म्हणते.

दुपारपर्यंत बातमी बेटाच्या दोन्ही टोकांना पोचली. संध्याकाळच्या आत खतिबाच्या अंगणात माणसं जमली. मंत्रतंत्र जाणणारा एक म्हातारा आला होता, त्यानं झापं शिवायची जाड सुई आणवली. महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं डागावर सुई रोवली आणि कंबुलो किंचाळली.

"ओरडली! म्हणजे लागतंय तिला," मागून कुणी बाई म्हणाली.

"सुई दिसल्यावर कोण ओरडणार नाही?" खतीब म्हणाला. "डोळे बांधा तिचे."

डोळे बांधून पुन्हा टोचली. ती पुन्हा ओरडली. रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला.

"आता सवयीनं ओरडली," खतीब म्हणाला. "उगाच तमाशा नको. आपल्या पोराबाळांचा विचार करा. एक गेली तर एकच जाईल."

कंबुलोनं डोळ्यांवरचं फडकं काढून झकरियाकडे पाहिलं. तो खतिबाच्या होडीकडे बघत होता. होडी किनाऱ्यावर ओढून तिच्या फटी बुजवायचं काम चाललं होतं आणि नवा मोसम तोंडावर होता. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नेलं. नफीसाला सित्तीच्या कडेवर दिलं होतं, आणि पोर आईकडे झेप घेत होती, तर सित्ती तिला घट्ट धरून म्हणत होती, "नको गं बाळा, ताईला हात नाही लावायचा." त्या क्षणीच पोरीसाठी ती आईची ताई झाली. होडी प्रवाळाच्या कड्यापलीकडे गेली तेव्हा कंबुलोला पान्हा फुटला होता. पुढचे कितीतरी दिवस तिचा झगा छातीशी भिजत राहिला, आणि काशिहेरावरची माणसं ते बघून हसायची.

काशिहेरा म्हणजे समुद्रात सांडलेली मूठभर वाळू. मधोमध केवड्याचं रान, थोडे माड, एक उथळ विहीर, आणि विहिरीभोवती पडक्या खोपट्या. महिन्या-दोन महिन्यांनी हिरिमादूची होडी यायची, कड्याच्या आतल्या वाळूवर तांदूळ, सुका मासा असं काही टाकून लांब व्हायची. होडी लांब गेल्याशिवाय टोपलीला हात लावायचा नाही असा दंडक होता.

तिथं तेव्हा सहा-सात माणसं होती. त्यांच्यात दाउदचं चालायचं. एके काळी तो मोठ्या होडीचा नाखवा होता. आता नाक बसलेलं, दोन्ही हातांना बोटांच्या जागी खुंट. पण आवाज नाखव्याचाच. सगळे त्याला बेबे म्हणायचे, थोरल्या भावाला म्हणतात तसं. त्यानं कंबुलोला समोर बसवलं आणि डाग बघितला. मग चुलीतलं निखाऱ्याचं टोक असलेलं लाकूड दोन मनगटांत धरून एकदम तिच्या दंडाला लावलं.

ती गुरासारखी ओरडली आणि मागे पडली.

दाउद खो-खो हसायला लागला. "अरे, बघा बघा! ही तर ठणठणीत आहे! त्या गाढवांनी चांगली बाई पाठवली रे आपल्याला!"

सगळेच हसले. हसण्यात ओठ नसलेली तोंडंही होती. कंबुलो रडत होती, पण रडता रडता तिच्या मनात पहिल्यांदा आशा आली. गुडघ्यांवर सरकत ती दाउदसमोर गेली.

"बेबे, तुम्हाला कळलंय ना? मग होडी आली की त्यांना सांगा. तुमचं ऐकतील ते. माझी लेक लहान आहे हो."

दाउदनं तिचे हात बघितले. उलटे केले, सुलटे केले, मनगटानं तिचं एकेक बोट चाचपलं. भाजी घेताना माणूस चाचपतो तसं.

"दहाच्या दहा," तो म्हणाला. "आणि तू गेलीस तर आमचं पाणी कोण काढणार?"

तिच्या आधी एक जण होता, त्याचे हात त्यातल्या त्यात धड होते. तो नुकताच मेला होता. तेव्हापासून ही माणसं लांब काठीला बांधलेला डबा मनगटांत धरून विहिरीत सोडायची आणि वर येईपर्यंत अर्धं पाणी सांडायची. नारळ सोलायचा कुणी, गळाला आमिष कुणी लावायचं, मेलेल्याचा खड्डा कुणी खणायचा, हे सगळे प्रश्न कंबुलो होडीतून उतरली तेव्हाच सुटले होते.

पहिली होडी आली तेव्हा ती गळ्यापर्यंत पाण्यात शिरली आणि ओरडली, "मला काही झालं नाही! निखारा लावला तर भाजतंय मला! हे बघा, बेबेला विचारा!"

मागून किनाऱ्यावरून दाउदचा नाखव्याचा आवाज आला. "जवळ येऊ नका रे! हिची बोटं गळायला लागलीत!"

होडीवरच्यांनी टोपली टाकली आणि वल्ही मारत निघून गेले. कंबुलोनं पाण्यातून दोन्ही हात वर करून बोटं पसरली होती. एवढ्या लांबून बोटं कुणाला मोजता येणार?

त्या दिवसापासून तिचं नाव बोटवाली पडलं. "बोटवाले, पाठ खाजव." "बोटवाले, माझ्या पायातली किडे लागलेली जागा साफ कर." "बोटवाले, एवढी कसली घाई, राणीसारखी बस जरा, बघू दे तुझी नखं." रोग्यांचा तिच्यावर राग होता, आणि तो राग ती वाईट होती म्हणून नव्हता. आपल्यापाशी नाही ते तिच्यापाशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर हलत होतं, म्हणून. एकदा एका बाईनं ती झोपलेली असताना तिच्या बोटाला चावा घेतला. का गं, विचारलं तर म्हणाली, "कसं लागतं बघत होते."

एकटी आमिनादी तिला नावानं हाक मारायची. आमिनादी म्हातारी होती, डोळे गेलेले, आणि तिला जुनी गाणी येत. कंबुलो नारळ किसत असली की ती जवळ बसून गुणगुणायची. "तुझी पोरगी आता धावत असेल," असं मधेच म्हणायची. कंबुलोला ते ऐकवायचं नाही आणि ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही.

कोरडा मोसम आला. आभाळ निळंशार, थेंब नाही. हीच वेळ कंबुलोनं निवडली. एका सकाळी तिनं काठी आणि डबा केवड्याच्या रानात नेऊन लपवले, आणि विहिरीच्या काठावर येऊन बसली.

"आज पाणी नाही," ती म्हणाली. "उद्याही नाही. होडी आली की बेबे खरं सांगणार, असं कुराणावर हात ठेवून म्हणा. मग काढते."

"कुराण कुठाय इथं?" दाउद म्हणाला.

"मग नुसतं म्हणा."

"नाही म्हणत, जा. बघू कोण आधी थकतं. तूही तहानशीलच की."

पण तिला तहानायची गरज नव्हती. ती माडावर चढू शकत होती. सगळ्यांच्या समोर ती चढली, शहाळं पाडलं, फोडलं आणि उभ्यानं प्यायली. पाणी हनुवटीवरून ओघळू दिलं. ते ओघळणं मुद्दाम होतं, असं ती स्वतःच सांगते.

पहिला दिवस शिव्यांत गेला. दुसऱ्या दिवशी शिव्या थांबल्या. माणसं सावलीत पडून तोंडं उघडी टाकून होती. एकानं विहिरीत उतरायचा प्रयत्न केला आणि पडून गुडघा फोडला. आमिनादी हातापायांवर चाचपडत कंबुलोच्या खोपटीपर्यंत आली.

"कंबुलो, माझं काय गं? मी तुला कधी काही बोलले?"

"नाही बोललीस."

"मग मला एक घोट दे. त्यांना नको देऊ."

"तुला दिलं तर ते समजतील की मी विरघळते," कंबुलो म्हणाली. "बेबेला सांग. तो हो म्हणाला की पहिलं तुला."

आमिनादी तिथंच बसली. पहाटे ती केवड्याच्या पानावरचं दव चाटत होती. पानाच्या काट्यांनी तिची जीभ फाटली होती. कंबुलोनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. ऊन चढल्यावर म्हातारी आडवी झाली, आणि मग दाउदच म्हणाला, "बोटवाले, बघ तिच्याकडे, हलत नाही ती."

ती मेली होती. कंबुलोनं तिच्या नाकापाशी हात धरून पाहिला, मग दाउदकडे वळली.

"आता?"

 "तू आमच्यातलीच आहेस," दाउद म्हणाला. "काढ पाणी. सांगतो मी."

आणि त्यानं शब्द पाळला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. होडी आली तशी तो स्वतः कमरेइतक्या पाण्यात गेला आणि ओरडला, "मागच्या खेपेला मी खोटं बोललो! ही बाई चांगली आहे! निखारा लावून बघितलाय मी, अंगाला सगळं कळतंय तिच्या! घेऊन जा तिला!"

होडीवर कासिम होता, झकरियाच्या जोडीनं मासे मारणारा. त्यानं वल्हं थांबवलं. होडीतली माणसं आपसात काहीतरी बोलली आणि मग हसली.

"कंबुलो!" कासिमनं हाक दिली. "अगं, आधी चांगली असशीलही. पण इतके महिने यांच्या ताटात जेवलीस, आता कुठली चांगली राहतेस? खतीब मला होडीतून उतरवून देईल!"

"कासिम, झकरियाला सांग! त्याला सांग, तो येईल!"

कासिमनं मान खाजवली. "त्याला काय सांगू? त्यानं तलाक दिलाय तुला. सित्तीशी निकाह लागला त्याचा, रमजानच्या आधीच. पोरगी बरी आहे, रडत नाही हल्ली."

होडी वळली. दाउद पाण्यातून बाहेर आला आणि वाळूवर बसला. इतर सगळे कंबुलोकडे बघत होते. ती रडेल, केस उपटेल असं त्यांना वाटलं असणार. ती गेली आणि टोपली उचलून आणली, कारण ती उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी आमिनादीचा विषय कुणीच काढला नाही.

पुढे वर्षं गेली. नवे रोगी आले, जुने मेले. प्रत्येकाला तिनंच धुतलं, तिनंच पुरलं, जेवढी आठवत होती तेवढी दुवा पढली. दाउद आणि ती रोज भांडायची आणि रोज एका दगडावर बसून गळ टाकायची. तो सांगायचा भरती कुठून येते, मासा कुठं लागेल. ती गळाला आमिष लावायची. एकदा त्यानंच विषय काढला.

"मी तेव्हा ओरडलो, त्याचा तुला अजून राग असेल."

"आहे."

"माझ्या जागी तू असतीस तर?"

"मीही ओरडले असते," कंबुलो म्हणाली. "तरी राग आहे."

"असू दे," दाउद म्हणाला. "ओढ आता, लागलाय मासा."

तो मेला त्याच्या पुढच्या वर्षी एक पांढरी बोट आली. राजधानी मालेहून आलेली, परदेशी डॉक्टर आणि एक दुभाष्या घेऊन. डॉक्टरनं तिथल्या उरलेल्या दोघा रोग्यांना इस्पितळात न्यायचं ठरवलं, आणि मग कंबुलोला तपासलं. एव्हाना डाग गळ्यापर्यंत आणि दोन्ही हातांवर पसरले होते. कापसाच्या बोळ्यानं त्यानं तिला ठिकठिकाणी स्पर्श केला आणि प्रत्येक वेळी विचारलं. प्रत्येक वेळी ती हो म्हणाली. मग तो दुभाष्याशी काही बोलला, आणि दुभाष्याचा चेहरा कसानुसा झाला.

"हे कोड आहे, बाई. नुसता रंग जातो, बाकी काही होत नाही. तुम्हाला महारोग कधीच नव्हता."

"मला ठाऊक आहे," कंबुलो म्हणाली. "अजून कुणाला सांगायचं असेल तर त्यांना सांगा."

डॉक्टरनं ते हिरिमादूला येऊन सांगितलं. खतीब आता म्हातारा झाला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अल्लाची मर्जी."  बोट गेली आणि कंबुलो किनाऱ्यावर उभी राहिली. माणसं लांबून बघत होती. तिला बेटाच्या उत्तर टोकाला, जुन्या होड्या सडत पडतात तिथं, एक झोपडी मिळाली. डॉक्टर काहीही म्हणो, तिच्या विहिरीचं पाणी कुणी प्यायचं नाही आणि तिचं सुंभ कुणी घ्यायचं तर आधी समुद्रात भिजत घालायचं.

सित्ती एकदाच आली. एक जुना झगा कुंपणावर टाकून कुंपणाबाहेरच थांबली.

"आम्ही तुझ्या नावानं फातिहा पढला होता, ताई. सगळ्या बेटाला जेवण घातलं होतं."

"काय केलं होतं?"

"भात आणि माशाची गरुदिया."

"मासा ताजा होता?"

सित्ती रडायला लागली. "तू अशी का बोलतेस? मी तुझी पोर वाढवली. माझ्या पोटची दोन गेली, पण तिला काही कमी केलं नाही. आता तिचं लग्न ठरतंय. तू मधे येऊ नकोस, एवढंच सांगायला आलेय. नवऱ्याकडची माणसं आधीच कुजबुजतायत."

"तिला काय सांगितलंयस?"

"तिची आई बाळंतपणानंतर गेली, असं."

"मग तसंच राहू दे," कंबुलो म्हणाली. "झगा घेऊन जा. माझ्याकडे आहे."

नफीसाचं लग्न झालं. लग्नाच्या ढोलाचा आवाज उत्तर टोकापर्यंत आला. लहान बेटावर गोष्ट लपत नाही, तेव्हा पोरीला कुणीतरी खरं सांगितलंच. पण ती रस्त्यात समोर आली की ओढणीनं नाक झाकून पलीकडून जायची.

अशी दहाएक वर्षं गेल्यावर एका दुपारी, माणसं जेवून लवंडलेली असताना, झकरिया तिच्या कुंपणापाशी आला. केस पिकले होते. ती परत आल्यापासून तो तिच्याशी एकदाही बोलला नव्हता.

"कंबुलो, आहेस का घरात?"

ती दारात आली.

"एक काम होतं," तो म्हणाला, इकडेतिकडे बघत. "तू तिकडे राहिलीस, तुला यातलं कळतं. दवाखान्यात गेलो तर उद्या सगळ्या बेटाला कळेल, मला होडीवर कोण घेणार?" त्यानं सदरा वर केला. पाठीवर, खांद्याच्या खाली, फिकट तांबूस चट्टा होता. "हे काय असेल?"

कंबुलो जवळ गेली. असे चट्टे तिनं शेकड्यानं बघितले होते, त्यांच्या कडा तिला हातांच्या रेषांसारख्या पाठ होत्या. तिनं झापं शिवायची सुई आणली. त्याला समुद्राकडे तोंड करून बसवलं आणि चट्ट्याच्या मधोमध सुई टोचली. चांगली खोल.

"टोचलीस का?" झकरियानं विचारलं.

ती सुईच्या टोकावर आलेल्या रक्ताकडे बघत राहिली.

"नाही अजून," ती म्हणाली. "आता टोचते."

आणि तिनं चट्ट्याच्या बाजूला, धडधाकट कातडीत सुई रोवली.

"आई गं!" झकरिया उसळला.

"लागलं ना?"

"लागलं म्हणजे काय! जीव घेतेस का!"

"मग काही नाही," कंबुलो म्हणाली. "कोड आहे. माझ्यासारखं. नुसता रंग जातो. दवाखान्यात कशाला जातोस?"

झकरियाचा चेहरा उजळला. कित्येक रात्री झोप नव्हती म्हणाला. हसला. तिच्या मनाचं मोठेपण वगैरे काहीतरी बोलला. तिनं करवंटीत पाणी आणून पुढे केलं.

"नको," तो पटकन म्हणाला. "आत्ताच पिऊन आलोय." आणि गेला.

मी तिला एकदा विचारलं होतं, त्यानं ते पाणी घेतलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस का? त्या सुमारास या रोगावर गोळ्या निघाल्या होत्या, फुकट मिळायच्या. वेळेत घेतल्या तर बोटाला धक्का लागत नव्हता. कंबुलोनं विचार केला. उगाच लगेच उत्तर द्यायची तिला सवय नाही.

"नाही," ती म्हणाली. "प्यायला असता तरी नाही. पाणी मी असंच दिलं होतं, ऊन होतं म्हणून."

झकरिया निर्धास्त होऊन तीन-चार वर्षं हिंडला. आधी त्याच्या हातातून गळाची दोरी सुटायला लागली. मग एकदा चुलीतलं भांडं त्यानं हातानं उचललं आणि कातडी भांड्याला चिकटून राहिली तरी त्याला कळलं नाही. वास आला तेव्हा सित्ती ओरडली. मालेहून तपासणीला माणूस आला तोवर उजव्या हाताची बोटं वाकून तळव्याला लागली होती. गोळ्या सुरू झाल्या, रोग थांबला, पण गेलेलं परत आलं नाही. तपासणीच्या माणसानं विचारलं, आधी कुणाला दाखवलं नव्हतंत? झकरियानं सांगितलं.

जुना खतीब वारला होता, त्याचा मुलगा आता खतीब होता. त्यानं कंबुलोला अंगणात बोलावलं. सगळं बेट जमलं होतं.

"तुला ओळखू आलं नव्हतं, असंच ना?" त्यानं विचारलं. तो तिला वाट काढून देत होता. "म्हातारी झालीस, नजर चुकली असेल."

"नजर चांगली आहे माझी," कंबुलो म्हणाली. "ओळखलं होतं."

  सित्ती मागे भिंतीला टेकून खाली बसली. शिक्षा काय द्यायची हे खतिबाला सुचेना. माणसांत ती नव्हतीच, मग तिला माणसांतून काढायचं कसं? शेवटी तो म्हणाला, "जा तू," आणि ती गेली.

सित्तीनं पुढे दोन वर्षं झकरियाला हातानं भरवलं आणि मग तलाक मागून घेतला. तो नफीसाच्या ओसरीवर असतो. त्याला आता दिसतही नाही नीट.

अंगणातल्या त्या प्रकारानंतर चार दिवसांनी नफीसा कंबुलोच्या झोपडीकडे आली. नाक झाकलेलं नव्हतं. कुंपण ओलांडून सरळ आत आली आणि हात नाचवत ओरडायला लागली.

"चेटकीण! माझ्या बापाचे हात खाल्लेस तू! तुझ्यासारखी बाई तिकडेच मरायला हवी होती! मला लाज वाटते तुझ्या पोटी आले म्हणून, कळलं? लाज वाटते!"

कंबुलो तिच्याकडे बघत होती. दीड वर्षाची असताना ती जेवढं बोलायची त्यानंतर आईशी बोललेली हेच. आवाज सित्तीसारखा खणखणीत, पण रागावल्यावर डावी भुवई वर जायची ती कंबुलोच्या आईची.

"बस ना," कंबुलो म्हणाली.

"मी बसायला नाही आले!" नफीसा म्हणाली, आणखी बरंच बोलली आणि निघून गेली.

पण ती पुन्हा आली. बापाला भरवून, त्याचं सगळं आवरून जीव मेटाकुटीला आला की ती येते. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. अंगणात उभी राहते, नको नको ते बोलते, कधी बोलता बोलता रडते आणि जाते. कंबुलो उलट उत्तर देत नाही आणि माफीही मागत नाही. एकदा शेजारच्या कुणीतरी कणव येऊन म्हटलं, "आजी, आम्ही सांगू का तिला, येऊ नको म्हणून?" तर कंबुलो एवढी चिडली की हातातलं सुंभ त्याच्या अंगावर फेकलं.

आता ती थकली आहे. चालताना कमरेला हात लावते. डाग पसरत पसरत सगळं अंग पांढरं झालंय, एकही सावळी जागा राहिली नाही. आज सकाळी मी तिकडून जात होतो, तर ती वाकून अंगणातली वाळू झाडत होती, पडलेली पानं वेचत होती. मी विचारलं, कोण येणार आहे?

"नफीसा येईल," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले, फार साठलं असेल तिचं."